मालवणातला हीटर

मालवणात राहून जुन्या गाडीचा हीटर जपणाऱ्याला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. ‘‘हयसर घाम पुसून पंचो भिजता, तुका हीटर कित्याक होयो?’’ प्रश्न रास्त आहे. आमच्या किनाऱ्यावर पौष-माघातही गाडीत कोणी शेकत बसत नाही. म्हणून तर मुंबई-पुण्याहून इकडे आलेल्या जुन्या गाड्यांचे हीटर सगळ्यांत आधी निघाले. होज पाइप फुटला की मेकॅनिक दोन्ही तोंडं बंद करून टाकत असे आणि हीटर मांगरातल्या अडगळीत जाई. पुढे कधीतरी तो तांब्या-पितळेच्या भावाने भंगारात विकला जाई. आता एखादी मॉरिस मायनर माझ्या शेडमध्ये आली, की तिला मुळात हीटर होता का आणि असलाच तर कुठला, हे शोधायला मला मनापासून आवडतं.

मायनर १९४८ साली इंग्लंडात निघाली. अलेक इसिगोनिस यांनी तिची रचना केली. पुढे हिंदुस्तान मोटर्सने ती ‘बेबी हिंदुस्तान’ या नावाने आपल्याकडे विकली. पहिल्या मायनरना पाण्याचा पंपच नव्हता. गरम पाणी वर चढतं, गार पाणी खाली उतरतं, तेवढ्या फिरण्यावर इंजिन थंड राही. १९५० च्या अखेरीस पंप बसला, गरम पाणी हीटरपर्यंत ढकलता येऊ लागलं आणि त्यानंतरच कंपनीने हीटर देऊ केला, तोही जादा पैसे मोजणाऱ्यालाच. तेव्हा १९४९ च्या मायनरमध्ये कोणी स्मिथ्स कंपनीचा चकचकीत हीटर दाखवून ‘एकदम ओरिजिनल’ म्हणत असेल, तर हीटर अस्सल असेलही, पण तो त्या गाडीचा नव्हे. माझ्या लेखी सगळा प्रश्न इथेच आहे. पार्ट अस्सल असणं वेगळं आणि तो याच गाडीचा असणं वेगळं.

हे ठरवायला मी हीटर नंतर पाहतो, गाडी आधी. १९५२ नंतर मायनरला ए-सीरीज इंजिन आलं. त्याच्या हेडच्या मागच्या टोकाला हीटरला गरम पाणी सोडणारा कॉक बसतो. हीटर नसलेल्या गाडीत तिथे एक साधी पट्टी बोल्टने आवळलेली असते. ही पट्टी आणि तिच्याखालचं गॅस्केट कधीच हललेलं दिसत नसेल, तर हीटरचा विषय बहुधा तिथेच मिटतो. तरी हेड बदललेलं असू शकतं, म्हणून मग इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा बघायचा. पाइप जाण्याच्या भोकांत बोट फिरवलं की पुष्कळ कळतं. कारखान्यात पाडलेल्या भोकाच्या कडेवर आतपर्यंत रंग गेलेला असतो. नंतर कोणी ड्रिलने पाडलेलं असेल तर कड उघडी राहते आणि आमचा खारा वारा तिला सोडत नाही. चारी बाजूंनी गंज धरतो, पापुद्रे सुटतात. शेवटी हीटरच्या ब्रॅकेटची जागा. मायनर दोनदा-तीनदा रंगवलेली असतेच. ब्रॅकेट काढल्यावर खाली फक्त पहिला रंग निघाला, तर दुसरा रंग चढला तेव्हा हीटर जागेवर होता. खालीही दुसराच रंग असेल, तर हीटर त्यानंतर आला. कागदपत्रं हरवतात, मालक बदलतात, पण या रंगांच्या थरांवर माझा कॅटलॉगपेक्षा जास्त विश्वास आहे.

हीटरची पारख त्यानंतर. स्मिथ्सचा जुना गोल हीटर डॅशबोर्डखाली बसे, पुढे उघडझाप करणारी झाकणं. तो केबिनमधलीच हवा घेऊन तापवी. बाहेरची ताजी हवा घेणारा प्रकार वेगळा. आतली जाळी तांब्या-पितळेची, जोडांना कथलाचा डाग. अ‍ॅल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकची टाकी दिसली, की तो अलीकडचा माल. बोल्टही बोलतात. मॉरिसला इंची आटे आणि आपल्या फियाटला मिलिमीटरचे. मॉरिसच्या ब्रॅकेटला मिलिमीटरचा बोल्ट लागला, तर तिथे नंतर कोणाचा तरी हात फिरला आहे. त्या काळच्या बहुतेक इंग्रजी गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे. पुढे कोणी वायरिंग उलटं केलं असेल आणि पंख्याची मोटर कायमच्या चुंबकाची असेल, तर पंखा उलटा फिरतो. असा उलटा फिरणारा पंखा बघून मोटर फेकू नये. तारांची अदलाबदल केली की काम होतं.

धातूंचं शिक्षण मात्र मला बंदरावर मिळालं. ट्रॉलरची इंजिनं समुद्राच्या पाण्यावर थंड होतात, त्यामुळे त्यांचे कूलर दुरुस्त करणाऱ्यांना खाऱ्या पाण्यात कोणता धातू कसा मरतो ते नेमकं ठाऊक. हिरवं पडलेलं पितळ घासून पुन्हा वापरता येतं. पण घासल्यावर ते तांबूस दिसलं, तर आतलं जस्त निघून गेलं आहे आणि दाबाखाली ते फुटणार. जस्ताच्या ओतीव भागांवर पांढरी पूड येते, ते फुगतात आणि चिरतात. त्यांना इलाज नाही. हीटरची गळकी जाळी मी शहरात पाठवत नाही. बंदरावरचे हात तिला असा डाग देतात की दाब देऊन पाण्यात बुडवली तरी बुडबुडा उठत नाही.

हीटर इथे निरुपयोगी, हेही मला पूर्ण पटत नाही. श्रावणात दाणोली सोडून आंबोलीचा घाट चढू लागा. बाहेर धुकं, आत माणसांच्या श्वासाने काच पांढरी. हीटरची गरम हवा नळीवाटे काचेच्या तळाशी आली की समोरचा रस्ता दिसू लागतो. उन्हाळ्यात त्याच चढावर इंजिन तापलं, तर हीटरचा कॉक उघडून पंखा पूर्ण सोडायचा. पाण्यातली थोडी उष्णता केबिनमध्ये निघते. आतली माणसं घामाघूम होतात, पण गाडी आंबोलीला पोचते.

२०२१ च्या जुलैमध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. त्यात चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसावा अशी अट आहे. हीटरचं कोणी विचारणार नाही. तरीही जिच्या पत्र्यावर हीटरची खूण नाही, तिला मी हीटर बसवत नाही, मालकाने इंग्लंडहून मागवून हातात दिला तरी. आणि जिच्यावर खूण आहे, तिचं भोक वेल्डिंगने बुजवू देत नाही. हीटर मिळेपर्यंत रबरी बूच लावून ते राखून ठेवतो.

तुमच्या मांगरात आजोबांची गाडी उभी असेल, तर एवढं करा: पत्रा खरवडण्याआधी, प्रेशरने धुण्याआधी बॉनेट उघडून सगळीकडचे फोटो काढा, आणि आजूबाजूला पडलेला एकही पितळी तुकडा भंगारवाल्याला देऊ नका.