कूळ आणि मूळ

महसूल खात्यात उभी हयात घालविलेल्या माणसासमोर कोणी 'कूळ' म्हटले, की त्याच्या डोळ्यांपुढे प्रथम घराणे येत नाही. सात-बाराचा उतारा येतो. दुसऱ्याच्या नावावरची जमीन कसणारा तो कूळ. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत असताना या शब्दाने माझा बराच काळ घेतला. निवृत्तीनंतर सिल्वासाच्या घरी स्थिरावलो, वनस्पतिशास्त्राची पुस्तके हाती घेतली, आणि तेथेही पहिल्याच पानावर हा शब्द भेटला. तेव्हापासून सूर्यफुलाच्या कुळाचा मला छंद जडला आहे.

हे कूळ मोठे विलक्षण आहे. पृथ्वीवर त्याच्या तीस हजारांच्या आसपास जाती आहेत. झेंडू, शेवंती, अस्टर, सूर्यफूल ही मंडळी परस्परांची भावंडे असावीत हे पाहताच पटते. परंतु करडई, माका, दवणा आणि पायवाटेवरची कंबरमोडीही त्याच घराण्यातली, हे कळल्यावर नवल वाटते. या साऱ्यांचा कुलधर्म एकच. ज्याला आपण एक फूल म्हणतो ते वस्तुतः अनेक चिमुकल्या फुलांचे संमेलन असते. सूर्यफुलाच्या तबकातील प्रत्येक बी हे एकेका स्वतंत्र फुलाचे फळ. कडेची पिवळी 'पाकळी'सुद्धा एक अख्खे फूलच असते. देवाला झेंडूचे एक फूल वाहणारा भाविक नकळत शेकडो फुले वाहून मोकळा होतो.

आता या घराण्याचे मूळ गाव शोधू जावे, तर मोठी गंमत होते. ज्याच्या तोरणावाचून आपला दसरा होत नाही तो झेंडू मेक्सिकोचा. तेथील जुन्या नाव्हाट्ल भाषेत त्याच्या नावाचा अर्थ 'वीस फुले', म्हणजेच पुष्कळ पाकळ्यांचे फूल, असा होतो. आणि आपले गुजराती शेजारी त्याच झेंडूला 'हजारीगल' म्हणतात. दोन दूरच्या लोकांना या फुलाची मोजदाद करण्याचा मोह व्हावा, हे मला फार गोड वाटते. मेक्सिकोत ते मृतांच्या स्मरणदिनी वाहतात, आपण दारावर बांधतो. शेवंती चीनची, सूर्यफूल उत्तर अमेरिकेचे, करडई पश्चिम आशियाची. श्राद्धाच्या पात्राशी माका आणि चैत्रात जोतिबाला दवणा मात्र फार पूर्वीपासून आपल्या घरचेच झालेले आहेत.

परंतु आपल्या या मुलखापुरते बोलायचे, तर कुळाचा खरा मानकरी निराळाच आहे. पाऊस ओसरला की खानवेल, मांडोनी, सिंदोनीकडच्या उतारांवर पिवळीधमक शेते दिसू लागतात, ती खुरासणीची. देशावर तिलाच कारळे म्हणतात. नावावरून खुरासान प्रांताची आठवण होते, पण तिचे मूळ इथिओपियात. शास्त्रीय नावातही जुन्या 'अ‍ॅबिसिनिया'ची खूण आहे. ती भारतात आली त्याला शतके लोटली. जेथे दुसरे पीक तग धरीत नाही अशा हलक्या, मुरमाड वरकस जमिनीत ती उभी राहते. गुरे तिला सहसा तोंड लावीत नाहीत, म्हणून शेताच्या कडेला तिचे कुंपणही करतात. तिची एक अडचण मात्र आहे. स्वतःच्या परागावर तिला बी धरत नाही. शेजारच्या रोपाचे पराग मधमाशीने आणून द्यावे लागतात. एकट्या रोपाचा संसार होत नाही.

माझे वडील मुक्तीनंतर, म्हणजे २ ऑगस्ट १९५४ नंतरच्या काही वर्षांत, शिक्षक म्हणून येथे आले. आई सोलापूरकडची. नव्या गावात तिला सारेच परके वाटे. एके दिवशी बाजारात एका वारली बाईच्या टोपलीत काळे, लांबट, चकचकीत दाणे तिला दिसले. "अगं बाई, कारळे!" असे ती मोठ्याने म्हणाली. "कारळं नाय बाय, खुरासणी हाय," ती बाई हसून म्हणाली. त्या दिवशी घरी लसूण-मिरची घालून चटणी कुटली गेली, आणि आईच्या सांगण्यानुसार, तिला हे गाव तेव्हापासून आपले वाटू लागले. पुढे त्या मावशी कित्येक वर्षे आमच्या ओट्यावर येत. नागलीच्या भाकरीवर खुरासणीची चटणी घेऊन खाण्याची रीत आम्ही त्यांच्याकडूनच शिकलो. ही नागलीही पूर्व आफ्रिकेच्या उंच पठारांवरून आलेली. तेथील ती दोन धान्ये वारली-कोकणा माणसाच्या पानात शेजारी बसली आहेत, आणि कोणी त्यांना परकी म्हणत नाही.

येथे वाचक म्हणतील, मग बाहेरून आलेले सारेच चांगले काय? तसे नाही. याच कुळात गाजरगवतही आहे. पुण्याच्या परिसरात त्याची नोंद १९५५-५६ च्या सुमारास झाली; आयात गव्हाबरोबर ते आले अशी समजूत आहे. आपल्या मुक्तीच्या आगेमागेच त्याने या देशात पाय पसरले. त्याच्या मुळांतून आणि पानांतून झिरपणारी द्रव्ये आसपासच्या रोपांना वाढू देत नाहीत. गुरांच्या उपयोगाचे ते नाही, माणसाला त्वचारोग आणि दम्याचा त्रास देते. जेथे जाईल तेथे ते एकटेच नांदू पाहते. खुरासणी आणि गाजरगवत, एकाच कुळातील दोन परदेशी. एकीने पडीक उतार पिकते केले, दुसऱ्याने पिकते पडीक केले.

आपण जुनी मराठी घराणी या प्रदेशात दोन-तीन पिढ्या राहिलो. तरीही "मूळचे कुठले?" हा प्रश्न कोणी विचारला की आपण किंचित दुखावतो. मला वाटते, प्रश्नच चुकीचा आहे. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ रोजी, कृषकदिनी, कसणाऱ्याला मालक मानले, तेव्हा तो कोठून आला हे विचारले नाही. जमिनीसाठी त्याने काय केले हे पाहिले. येथेही १९७१ च्या जमीन सुधारणा विनियमाने आल्वारा, तेरेम या पोर्तुगीजकालीन हक्कांचा निकाल लावला. त्याच कसोटीवर आपणही स्वतःस पारखावे. शाळा, वाचनालये, गणेशोत्सव ही आपली देणगी खरी. परंतु ज्यांच्या टोपलीतून आपण चटणी खाल्ली, त्यांच्या घरात आपण कितीदा बसलो? वारली-कोकणा शेजाऱ्यांकडून झाडापाल्याची नावे आपल्यापैकी किती जणांनी लिहून घेतली?

हा प्रश्न आता लांबणीवर टाकण्यासारखा नाही. गावाभोवती कारखाने उभे राहिले, तरुण मुले रोजावर जाऊ लागली, आणि वरकस उतारावर राबणारे हात कमी झाले. पेरणीच थांबली तर घरचे बियाणे दोन-चार वर्षांत निकामी होते. मग ते कोठून आणावयाचे? मार्गशीर्षात नवी खुरासणी बाजारात येते. घासाघीस न करता ती घ्यावी, आणि मूठभर दाणे पुढच्या श्रावणात परसात पेरावेत, एवढे तरी प्रत्येक घराला जमण्यासारखे आहे. मात्र एकच रोप लावून भागणार नाही. चार-दोन शेजाऱ्यांनाही लावावयास सांगावे लागेल.