दोन चांदण्यांमधला शब्द

बोलणाऱ्या माणसाच्या हाती जी आयुधं असतात, ती लिहिणाऱ्याच्या हाती नसतात. बोलणारा आवाज चढवतो, भुवई उडवतो, मधेच थांबून ऐकणाऱ्याची उत्सुकता ताणतो. लिहिणाऱ्यानं काय करावं? आमचे आजोबा पोस्टकार्डावर महत्त्वाच्या शब्दाखाली रेघ ओढीत. फारच निकड असली तर दोन. छापखान्यात हे काम खिळे जुळवणारा करी. हस्तलिखितातली रेघ तो रेघ म्हणून छापत नसे. तिचा अर्थ ओळखून त्या शब्दाला जाड ठसा लावी. रेघ ही त्याच्या लेखी खूण होती, मजकूर नव्हता. आणि खूण कोणती व मजकूर कोणता हे ज्याला कळे, तोच चांगला कारागीर ठरे.

माझा धंदा हाच आहे. फक्त माझे खिळे शिशाचे नाहीत. हल्ली कचेरीतली माणसं दिवसभर चॅटवरून एकमेकांना निरोप धाडतात. अशाच एका चॅटचा एक लहानसा कोपरा मी पुण्यात बसून सांभाळतो. लिहिलेला निरोप पडद्यावर कसा दिसावा, एवढंच माझं काम. तुम्ही म्हणाल, यात सांभाळायचं ते काय? लिहिलं तसं दाखवावं, झालं! मलाही ते काम इतकं सोपं असतं तर फार आवडलं असतं.

चॅटवर लिहिणारा माणूस रेघ ओढत नाही. तो चांदण्या टंकतो. शब्दाच्या दोन्ही अंगांना दोन दोन चांदण्या ठेवल्या की शब्द ठळक होतो, एकेक ठेवली की तिरपा होतो. ओळीच्या आरंभी आकडा आणि टिंब दिलं की यादी बनते. खुणांच्या या पद्धतीला मार्कडाऊन म्हणतात. जॉन ग्रुबर या अमेरिकन लेखकानं ती २००४ साली जाहीर केली. अ‍ॅरन स्वार्ट्झ या तरुणाचा तिला हातभार होता. तिची खुबी अशी की, खुणांचं रूपांतर झालं नाही तरी मजकूर वाचता येतो. ईमेलमध्ये जोर द्यायला लोक आधीपासूनच चांदण्या वापरीत. ग्रुबरनं त्या सवयीला रीत दिली.

पण सवय आणि कायदा यांत अंतर असतं. ग्रुबरनं पद्धत समजावून सांगितली, ती चालवणारी आज्ञावलीही लिहिली. काटेकोर व्याकरण मात्र दिलं नाही. परिणामी एकच मजकूर दहा ठिकाणी दहा तऱ्हांनी दिसू लागला. २०१४ साली काही मंडळींनी ‘कॉमनमार्क’ नावाचं व्याकरण सिद्ध केलं. त्यांतले प्रमुख जॉन मॅकफार्लेन हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत. चांदणी शब्दाला कुठे चिकटली म्हणजे उघडते आणि कुठे चिकटली म्हणजे मिटते, याची चिकित्सा तत्त्वज्ञानाच्या माणसानं करावी हे मला फार समर्पक वाटतं!

व्याकरण आलं तरी घोटाळे संपले नाहीत. दिवाळीच्या भेटीसाठी सुक्या मेव्याचे खोके मागवायचे म्हणून कुणी लिहितो : खोका ५*१०*२ इंच. मधल्या दोन चांदण्या ही खूण आहे असं समजून यंत्र त्या गिळतं, दहाला तिरपं करतं, आणि वाचणाऱ्याला दिसतं : खोका ५१०२ इंच. एखाद्या सोसायटीच्या चिटणीसानं वर्गणी न दिलेल्या घरांचे क्रमांक ओळीनं लिहिले, २, ५ आणि ९, आणि प्रत्येकापुढे टिंब देऊन नावं लिहिली, तर यंत्राला वाटतं की ही यादी आहे आणि आकडे चुकले आहेत. ते सौजन्यानं २, ३, ४ असे सुधारून देतं. तीन आणि चार क्रमांकाच्या घरांनी वर्गणी वेळेवर भरलेली असते. पुढे जिन्यात काय संवाद होत असतील, याची कल्पना वाचकांनीच करावी.

मराठीचं दुखणं याहून वेगळं. आपला प्रत्यय शब्दाला चिकटतो : पुणे, पुणेला नव्हे तर पुण्याला, पुण्यातल्यांना. शब्दाच्या दोन अंगांना खालची रेघ देऊनही तो तिरपा करता येतो. पण मिटणाऱ्या रेघेला लागून प्रत्यय आला की रेघा तशाच उघड्या राहतात. कारण शब्दाच्या पोटातली खालची रेघ खूण मानायची नाही, असा नियम आहे. प्रोग्राम लिहिणारे आपल्या नावांत अशा रेघा घालतात, त्यांच्या सोयीसाठी तो झाला. इंग्रजीला तो खुपत नाही, आपल्याला खुपतो. एका वर्षी तर ‘#दिवाळी’ असा शब्द लिहिला की त्यातला फक्त ‘द’ निळा होई. त्या नियमात ‘अक्षरं तेवढी घ्या’ असं म्हटलेलं होतं, आणि संगणकाच्या वर्गवारीत वेलांटी आणि काना ही अक्षरं नव्हेत, वेगळी चिन्हं आहेत. नियम लिहिणाऱ्यासमोर वेलांटी कधी आलीच नव्हती. एका शब्दाची भर घालून तो नियम दुरुस्त झाला, आणि त्या दिवाळीत सगळी दिवाळी निळी झाली.

इथवरची गोष्ट गमतीची आहे. पुढची तशी नाही.

मार्कडाऊनमध्ये मुळापासून एक सवलत होती : चांदण्यांनी भागत नसेल तर वेबपानांची भाषा, म्हणजे एचटीएमएल, सरळ मजकुरात लिहावी. आपलं पान आपणच लिहीत असलो तर यात धोका नाही. आपल्या घरात आपण कसंही वागावं. पण चॅटवर लिहितो एक आणि उघडतो दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये. त्या भाषेतून ब्राउझरला हुकूमही देता येतात, आणि तिथे तो हुकूम वाचणाऱ्याच्या नावानं पाळला जातो. तुम्ही निरोप नुसता वाचलात, आणि तुमच्या नावानं पाच जणांना पाच निरोप गेले, असं होऊ शकतं.

असं घडलेलंही आहे. २००५ सालच्या ऑक्टोबरात सॅमी कामकर या एकोणीस वर्षांच्या मुलानं मायस्पेस या संकेतस्थळावरच्या आपल्या पानात असा हुकूम दडवला. पान पाहणारा आपोआप त्याचा मित्र होई, आणि तो हुकूम पाहणाऱ्याच्या पानातही उतरे. वीस तासांच्या आत दहा लाखांवर माणसं त्याची ‘मित्र’ झाली! मायस्पेसनं ‘जावास्क्रिप्ट’ हा शब्द वर्ज्य केलेला होता. पोरानं तो मधेच मोडून दोन ओळींत लिहिला. पहारेकऱ्याला तो दिसला नाही, आणि ब्राउझरनं मात्र जोडून वाचला.

यातून आमच्या धंद्यानं एक धडा घेतला. नको असलेल्यांची यादी करून दारात उभं राहू नये. वेषांतर करून येणारे येतातच. निमंत्रितांची यादी करावी : ठळक, तिरपं, यादी, दुवा, चित्र. बाकी जे येईल ते निव्वळ मजकूर समजून जसंच्या तसं दाखवावं, पाळू नये. दुवा ज्या पत्त्याकडे नेतो तो पत्ताही असाच तपासावा. चित्र थेट परक्या ठिकाणाहून आणवू नये. नाही तर निरोप कुणी, केव्हा, कोणत्या जोडणीवरून उघडला हे त्या परक्याला कळतं. आणि तपासणाराच थकणार नाही हेही पाहावं. २०१६ च्या जुलैमध्ये स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्राम लिहिणाऱ्यांचं प्रसिद्ध संकेतस्थळ ३४ मिनिटं बंद पडलं. कारण काय, तर एका मजकुरातल्या सुमारे वीस हजार रिकाम्या जागा! त्या छाटणारा नियम प्रत्येक जागेपासून पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला आणि त्याच्या तपासण्या वीस कोटींच्या घरात गेल्या. काहीही न लिहून एवढा गोंधळ उडवता येतो.

शिवाय हे एकदा करून संपत नाही. मजकूर फोडणारी आज्ञावली बहुधा दुसऱ्या कुणी लिहून सर्वांना फुकट दिलेली असते. तिच्यात फट सापडली, ती बुजवली, की ती नवी प्रत वेळेवर आणून बसवणं आमच्याकडे. कंदिलाची काच रोज पुसावी लागे, तसंच हे. पुसलेली काच कुणाच्या ध्यानात येत नाही. न पुसलेली येते.

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या गटातल्या एक वडीलधाऱ्या बाई, ज्यांना आम्ही सगळे ताई म्हणतो, माझ्याकडे आल्या. त्यांना एका संकेतस्थळावर सुरेख शुभेच्छापत्र सापडलं होतं : रंगीत अक्षरं, हलणाऱ्या ज्योती. ते त्यांनी चॅटवर चिकटवलं, तर ज्योतींच्या जागी नुसती कोनदार कंसांची रांग उमटली. "अरे, चार दिवस तेवढं दार उघड की," त्या म्हणाल्या. मी नाही म्हटलं. त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे वीस वर्षं बरोबर काम करून माझ्यावर एवढाही विश्वास नाही?"

हा प्रश्न मला लागला. त्यांच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. घराची किल्ली त्यांच्याकडे ठेवून मी गावाला गेलो आहे. पण ते पत्र त्यांनी लिहिलेलं नव्हतं. ज्यानं लिहिलं त्याला त्या ओळखत नव्हत्या, मीही नाही. आणि यंत्राला तर ताई दिसतच नाहीत. त्याला फक्त अक्षरं दिसतात. विश्वास माणसावर ठेवायचा असतो, आणि मजकूर कुणाच्याही हातून आला तरी तपासायचा असतो. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. उलट मजकूर तपासला जातो म्हणूनच ताईंचं नाव दिसलं की आम्ही सगळे निर्धास्तपणे निरोप उघडतो. हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ते पटलं की त्यांनी मला नुसतं सोडून दिलं, कोण जाणे!

मात्र एक वाट निघाली. २०१९ पासून संगणकाच्या जागतिक लिपीत पणतीलाही जागा मिळाली आहे. क, ख, ग यांना जसे क्रमांक आहेत तसा तिलाही आहे. ती हुकूम नाही, खूणही नाही. ती साधा मजकूर आहे. तिला कुणाची परवानगी लागत नाही. मी ताईंना ती कुठे सापडते ते दाखवलं. नरकचतुर्दशीच्या पहाटे त्यांनी चॅटवर पाच ओळी भरून पणत्या लावल्या, आणि मधोमध चार चांदण्यांच्या आत दोन ठळक शब्द लिहिले : शुभ दीपावली. एकही पणती हलत नव्हती. पण दिवसभर जो तो खाली आपली एक पणती लावून जात होता.