साडेसातीच्या ग्रहासमोरची रांग

पहिल्यांदा दुर्बिणीतून शनी पाहिलेले कितीतरी लोक आधी आयपीसवरून डोळा काढतात आणि नळीच्या पुढच्या तोंडाशी जाऊन वाकून बघतात. आत चित्र चिकटवलंय का, हे त्यांना तपासायचं असतं. मग परत येऊन पुन्हा पाहतात, आणि या खेपेला मागून ‘अहो, आवरा आता’ असं कुणी म्हटलं तरी हलत नाहीत. पुण्यात आकाशदर्शनाचं काम करायला लागल्यापासून हे इतक्या वेळा पाहिलंय, की शनी लावून झाला की मी आकाशाकडे कमी आणि रांगेकडेच जास्त बघतो.

आपल्याकडे हौशी आकाशनिरीक्षकांची परंपरा चांगली जुनी आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ सालची. मुंबईत हॅलेचा धूमकेतू यायच्या सुमारास, १९८५ साली खगोल मंडळ सुरू झालं आणि वांगणीच्या त्यांच्या रात्रींनी कितीतरी जणांना आकाशाचं वेड लावलं. मीही रात्रभराच्या अशाच कार्यक्रमांतून शिकलो. सतरंजी, कानटोपी, लाल कागद लावलेली बॅटरी आणि शेजारी बसून न कंटाळता सांगणारा कुणीतरी मोठा माणूस. मृगातल्या बाणाची रेघ एका बाजूला वाढवली की व्याध, दुसऱ्या बाजूला वाढवली की रोहिणी, हे त्या माणसाने बोट धरून दाखवलं म्हणून आजही विसरलेलो नाही.

पण त्या माळावर कोण येतं? ज्याला आधीच आवड आहे आणि ज्याला एक रात्र मोकळी काढता येते, तोच. भाजीची पिशवी घेऊन घराकडे निघालेली बाई, नऊला दुकानाचं शटर ओढणारा माणूस, क्लासहून परतणारी पोरं तिथवर पोचत नाहीत. मग दुर्बिणीनेच त्यांच्या वाटेत जाऊन उभं राहायला हवं.

हे जॉन डॉब्सनने फार आधी ओळखलं होतं. हा माणूस सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत, म्हणजे रामकृष्ण परंपरेतल्या मठात, १९६७ पर्यंत संन्यासी होता. जहाजाच्या खिडक्यांच्या टाकाऊ जाड काचा घासून तो आरसे बनवायचा, पुठ्ठ्याच्या नळ्या वापरायचा आणि तयार झालेली दुर्बीण सरळ फुटपाथवर मांडायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून चंद्र दाखवायचा. आज आमच्यासारख्यांच्या हातात ज्या साध्या, लाकडी बैठकीच्या दुर्बिणी असतात, त्यांना त्याचंच नाव आहे.

शहरात काय दिसणार, असं लोक विचारतात. आकाशगंगेचा पट्टा पुण्यातून केव्हाच गेला, आणि वर उजेड फेकणाऱ्या दिव्यांनी तो घालवला याचं मला मनापासून वाईट वाटतं. देवयानीची दीर्घिका पाहायची तर अंधारातच जायला हवं. पण चंद्र आणि ग्रह त्या दिव्यांना दाद देत नाहीत. गुरूचे चार मोठे चंद्र बसस्टॉपवरूनही दिसतात. एक मात्र सांगून ठेवतो. सोसायट्या हौसेने कोजागिरीला बोलावतात, आणि दुर्बिणीतून चंद्र पाहायला पौर्णिमेइतका वाईट दिवस नाही. विवरांच्या सावल्याच नसतात, सगळं सपाट पांढरं दिसतं. शुक्ल पंचमी ते दशमी हे खरे दिवस.

२१ डिसेंबर २०२०ची संध्याकाळ मला फार मोलाची वाटते. गुरू आणि शनी त्या दिवशी आकाशात चंद्रबिंबाच्या रुंदीच्या जेमतेम पाचव्या भागाइतके जवळ आले होते. त्यांची युती साधारण वीस वर्षांनी होतेच, पण इतकी जवळची आणि नीट पाहता येण्यासारखी युती त्याआधी १२२६ साली झाली होती. कोरोनाचे दिवस. आयपीसला डोळा लावू द्यायचा कसा, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. शेवटी टेकडीच्या पायथ्याशी, नैऋत्येकडे मोकळ्या असलेल्या मैदानात दोन दुर्बिणी लावल्या. एकीवर मोबाइल बसवून चित्र पडद्यावर, दुसरीतून डोळा बोटभर लांब ठेवून थेट. पडद्यावरचं चित्र मोठं होतं आणि रांगही नव्हती. तरी माणसं दुसरीकडेच अंतर राखून उभी राहिली. एकाच चकतीत गुरू, त्याचे चंद्र आणि बाजूला कडीवाला शनी. गुरू आपल्यापासून ८९ कोटी किलोमीटरवर आणि शनी जवळपास १६२ कोटींवर, शेजारी दिसतात ते फक्त आपल्या नजरेच्या रेषेत म्हणून. हे सांगितलं की लोक पुन्हा रांगेच्या टोकाला जाऊन उभे राहात.

एक गृहस्थ मुलीला घेऊन आले होते. मुलीने पाहिलं, ते मागेच थांबले. ‘मला नको. धनू रास माझी, साडेसातीचा शेवटचा टप्पा चाललाय.’ अशा वेळी हसणाऱ्या कार्यकर्त्याला मी रांगेजवळ उभं करत नाही. भीती खरी असते, तिला गणितानेच उत्तर द्यावं. शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. राशी बारा, म्हणजे एका राशीत अडीच वर्षं, तीन राशींची साडेसात. ही संख्या त्याच्या चालीतून आली आहे, कुणावरच्या रागातून नाही. समोर तो दिसतोय ती मकर, तुमच्या धनूच्या पुढची. त्यांनी बोटांवर हिशोब केला आणि विचारलं, ‘रास बदलताना डोळ्यांनी दिसतो का?’ दिसतो, म्हटलं, दर महिन्याला शेजारच्या ताऱ्यांवरून खूण धरा. मग ते वाकले. साडेआठच्या आधी दोन्ही ग्रह मावळायचे होते, त्यामुळे त्यांना फार वेळ देता आला नाही, पण जाताना पुढच्या महिन्यात शनी कुठे शोधायचा हे त्यांनी विचारून घेतलं. (तो तेव्हा सूर्याच्या उजेडात हरवणार होता, हेही सांगावं लागलं.)

व्याख्यान, स्लाइड, माहितीपट यांची मला किंमत आहे, पण त्यांची जागा पाहून झाल्यानंतरची. आधी दाखवावं, मग विचारतील तेवढंच सांगावं.

नवी दुर्बीण घेण्याची घाई करू नका. दहा बाय पन्नासची द्विनेत्री आणि एक ताराचित्र पुरेसं आहे. तिच्यातून कृत्तिका आणि गुरूचे चंद्र सुरेख दिसतात. आणि कुणी भेट दिलेली दुर्बीण माळ्यावर पडून असेल, तर येत्या शुक्ल अष्टमीला ती खाली रस्त्यावर आणा, चंद्रावर लावा आणि पहिल्या येणाऱ्याला हाक मारा.