गिरणीच्या आवारात जेवण

आमच्या भाच्याने आम्हांला जेवायला बोलावले, आणि तेही लोअर परळच्या एका मोठ्या हॉटेलात. तो तेथे स्वयंपाकघरात कामाला आहे. नोकरीला वर्ष पूर्ण झाले म्हणून त्याचा हट्ट होता. "मामा, नानांना घेऊनच या," असे त्याने तीनदा फोन करून बजावले. नाना म्हणजे आमचे वडील, वय वर्षे 84. त्यांनी याच भागातल्या एका गिरणीत 21 वर्षे काम केले. 1982 च्या संपात ती जी बंद झाली ती कायमचीच. पुढे आम्ही अंबरनाथला राहायला गेलो. त्यानंतर नानांचे परळला येणे लग्नकार्य आणि मयत एवढ्यापुरतेच राहिले.

रविवारी सकाळी आम्ही धिम्या गाडीने निघालो. नाना, आमच्या आयुष्मती, कॉलेजात जाणारी धाकटी आणि आम्ही. करी रोडला उतरलो तर नानांना स्टेशन ओळखू आले, बाहेरचा रस्ता मात्र ओळखू येईना. पूर्वी माणूस धुराडे बघून दिशा ठरवायचा. आता मान मोडेपर्यंत वर पाहिले तरी टॉवरचा शेंडा दिसत नाही. फिनिक्स मिलचे धुराडे तेवढे मॉलच्या मध्यभागी राखून ठेवले आहे. नाना त्याच्याकडे पाहून म्हणाले, "धूर नाही त्याला. नुसतंच उभं केलंय."

या जागेचा हिशेब आमच्या वाचकांनी एकदा समजून घ्यावा. मुंबईत 58 गिरण्या होत्या आणि त्यांची जमीन सुमारे 600 एकर. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर 1991 साली सरकारने नियम केला की गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे व्हावेत. एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. 2001 साली या नियमात बदल झाला आणि वाटे फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीचे करायचे असे ठरले. आता गिरणी म्हटली की जमिनीवर शेड असणारच! मोकळी जमीन ती किती आणि तिचा तिसरा हिस्सा तो किती? कारकुनी करणाऱ्या माणसाला कागदावरचा एक शब्द इकडचा तिकडे झाल्याने किती रकमेचा फरक पडतो हे सांगावे लागत नाही. प्रकरण कोर्टात गेले. 2006 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम ठेवला. आज येथे जे मॉल, कचेऱ्या आणि हॉटेले दिसतात, त्यांच्या मुळाशी हा एक शब्द आहे.

दुसरा फरक चालताना कळतो. गिरणीची पाळी सुटली की कामगार पायी चाळीत जात असे, कारण चाळ गिरणीच्या शेजारी होती. आता कचेरीत येणारा माणूस विरार, कल्याण, पनवेलहून येतो आणि जिना मात्र जुनाच. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन 23 जीव गेले ते यामुळेच. स्टेशनचे नाव दुसऱ्या वर्षी प्रभादेवी झाले.

भाच्याचे हॉटेल एका जुन्या गिरणीच्या आवारात आहे. नानांची गिरणी ती नव्हे, पण आत शिरल्यावर नाना म्हणाले, "हे विणाई खातं असणार." वरचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे आहे आणि त्यातून उजेड येतो. नानांनी त्या छपराखाली कधी काम केले नाही. ते 1961 साली लागले ते रिंग खात्यात आणि शेवटपर्यंत तेथेच राहिले. तरुण वाचकांना याचे कारण ठाऊक नसेल. विणाई खात्यात पगार जास्त असे, पण तेथे कांडी बदलताना धोट्याच्या छिद्रातून सूत तोंडाने ओढून काढावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाचे सूत आपल्या तोंडाला लागेल म्हणून सवर्ण कामगारांनी आपल्या माणसांना त्या खात्यात शिरू दिले नाही. 1928 च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला आणि ही बंदी उठविण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घेण्यास भाग पाडले. नाना कामाला लागले तेव्हा बंदी तोंडाने कोणी सांगत नव्हते. पण जॉबरने नाव, गाव विचारले आणि रिंग खाते दाखवले.

आत थंडगार एसी. मेन्यूकार्ड नानांच्या हाती दिले. त्यात ज्वारीची भाकरी 95 रुपये होती. नानांनी चष्मा वर करून पुन्हा पाहिले. "एक?" असे त्यांनी विचारले. वेटरने, एकच, म्हणून सांगितले. ठेचाही होता, पण तो पनीरला लावलेला. धाकटीला हसू आवरेना. आयुष्मतींनी मात्र भाकरीच मागवली. "पोराच्या हातची कशी होते ते बघू तरी," म्हणाल्या.

वेटरने विचारले, "पाणी साधं की बाटलीतलं?" आम्ही साधे मागितले. त्याने सर्वांसाठी एकच जग आणून ठेवला. जुन्या काळी कित्येक गिरण्यांत अस्पृश्य कामगारांच्या पाण्याचे मडके निराळे असे. 1927 साली चवदार तळ्यावर आपण पाणी प्यालो ते याच गिरण्यांच्या काळात. नाना त्या छपराखाली बसून दोन ग्लास पाणी प्याले, काही बोलले नाहीत.

बिल आले 3,742 रुपये 20 पैसे. जेवणाचे 3,240, त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज 324, आणि या दोन्हींवर पाच टक्के जीएसटी. वाचकांनी हे लक्षात ठेवावे : जीएसटी हा कर आहे, तो द्यावाच लागतो. सर्व्हिस चार्ज हा कर नव्हे. तो बिलात परस्पर घालू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये सांगितले आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. आम्ही शांतपणे तो काढायला सांगितला. मॅनेजरने दुसरे बिल आणले, 3,402 रुपयांचे. वेटरच्या हातात आम्ही वेगळे पैसे दिले. घरखर्चाच्या वहीत हे जेवण कोणत्या सदरात टाकायचे हा प्रश्न आयुष्मतींना अजून सुटलेला नाही.

भाचा तीनच्या सुमारास बाहेर आला. डोक्याला टोपी, कोपरापर्यंत पीठ. नानांच्या पाया पडू लागला, त्यांनी त्याला मध्येच धरले आणि विचारले, "पिठाला हात तू लावतोस?"

"मीच मळतो, नाना. भाकरी पण माझीच होती."

"आणि हे सगळे खातात?"

"रोज शंभर-दीडशे माणूस खातो."

नानांनी त्याचा पिठाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. गिरणगावात खाणावळी पुष्कळ होत्या, पण त्या गावावार आणि जातवार चालत. तेथे आपल्या माणसाला पंगतीत पान मिळत नसे, मग चुलीपाशी जाणे दूरच.

सगळेच सुधारले असे मात्र आम्ही म्हणणार नाही. भाच्याच्या छातीवरच्या पट्टीवर नुसते नाव आहे, आडनाव नाही. पहिल्या आठवड्यातच बरोबरच्यांनी ते विचारून घेतले. त्याने सांगितले. त्यानंतर एकाने डबा वाटून खाणे बंद केले, दुसरे दोघे अजून खातात. अकरा-अकरा तास उभे राहायचे, नोकरी कंत्राटावर, शेवटची लोकल चुकली तर पहाटेपर्यंत स्टेशनवर.

नानांनी स्वयंपाकघर पाहायचे म्हटले. भाच्याने दारातून दाखवले. भट्ट्या, गॅस, धूर ओढून घेणारा पंखा. नानांनी विचारले, "दुसरा दरवाजा कुठाय?" रातपाळी केलेला माणूस आधी हेच विचारतो. कापसाच्या धंद्यात आगीची धास्ती कायमची. भाच्याने बोट दाखवले. दरवाजा होता, वर हिरवा दिवाही होता. पण त्याच्यापुढे कोल्ड्रिंकचे क्रेट छातीएवढे रचलेले.

येथून जवळच कमला मिलच्या आवारात 28 डिसेंबर 2017 च्या रात्री, बारा वाजून गेल्यावर, गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागली आणि 14 माणसे मेली. त्यातली बरीचशी स्वच्छतागृहात अडकून धुराने गुदमरली. आम्ही भाच्याला म्हणालो की आम्ही लेखी तक्रार करतो. तो लगेच म्हणाला, "मामा, नको. आज तुम्ही आलात हे सगळ्यांनी पाहिलंय."

तेथून आम्ही वरळीला आत्याकडे गेलो. बीडीडी चाळी म्हणजे 1920 च्या दशकात सरकारने बांधलेल्या 207 चाळी, त्यांपैकी 121 एकट्या वरळीत. खोली 160 फुटांची. 1974 च्या जानेवारीत दलित पँथरच्या सभेवरून येथे दंगल पेटली. त्याच आठवड्यात, 10 जानेवारीच्या मोर्चात, भागवत जाधव यांचा बळी गेला. आत्याने ते दिवस गॅलरीतून पाहिले आहेत. 14 ऑगस्ट 2025 ला नव्या टॉवरमधल्या 556 घरांच्या चाव्या दिल्या, त्यांत आत्याचे घर होते. 500 फूट, मालकीचे, आत संडास. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध. आत्या भावाला म्हणाली, "नाना, पाणी चोवीस तास आहे रे. पण कोण आलं, कोण गेलं, कळत नाही." तिच्या मुलाला दोन दलालांनी आत्ताच विचारले आहे. आत्या म्हणते, माझ्या डोळ्यांदेखत विकायचे नाही.

परतताना चैत्यभूमीला वंदन केले. शेजारी इंदू मिलच्या जागेवर बाबासाहेबांच्या स्मारकाचे काम चालू होते, त्याच्या क्रेन दिसत होत्या. ही बारा एकर आपल्याला तिसऱ्या वाट्यातून मिळालेली नाही. 6 डिसेंबर 2011 ला माणसे आत जाऊन बसली तेव्हा मिळाली. स्मारकाची पायाभरणी 2015 साली झाली.

रात्री घरी पोचलो. नाना झोपेनात. साडेबारानंतर म्हणाले, "पोराला फोन लाव. दार मोकळं केलं का विचार." भाचा स्टेशनवर होता. म्हणाला, "क्रेट मीच उचलले, मामा. पण उद्या परत माल येणार."

तक्रारीचा अर्ज आम्ही लिहून ठेवला आहे. भाचा म्हणतो, दुसरीकडे बोलणे चालू आहे, महिनाभर थांबा. आम्ही त्याला आठ दिवस दिले आहेत.