मोलाची कौदी

धाकटीच्या हट्टापायी गेल्या पावसाळ्यात आमच्या शहापुरातल्या घरी ससा आला. सासूबाई धारवाडकडच्या, त्यांनी नाव ‘मोला’च ठेवलं. कन्नडमध्ये मोला म्हणजे ससाच, पण मराठी कानाला ते मोलाचं वाटलं, म्हणून कुणी बदललं नाही.

दुकानदाराने तळाला जाळी असलेला पिंजरा दिला. घाण खाली पडते, धुवायला सोपं. मीही खूश. दीड महिन्यात मोला मागचा पाय उचलून बसू लागला. पाहिलं तर टाचेवरची लव झडून कातडी लालबुंद. डॉक्टर म्हणाले, कुत्र्यामांजरासारखी गादी सशाच्या तळव्याला नसते, नुसती लव असते, तार रुतते. मुकं जनावर माझ्या सोयीपायी सोसत होतं!

पिंजरा काढून मागच्या पडवीत कुंपण घातलं. शहाबादी फरशीवर तो घसरायचा, शिवाय पावसात ओल. गोणपाट घातलं, तर त्याचे दोरे गिळू लागला. शेवटी सासूबाईंनी ट्रंकेतून कौदी काढली, म्हणजे आपली वाकळच.

“अत्ती, ही तुमच्या अव्वांच्या हातची ना?”

“मग पेटीत ठेवून काय पुजू?”

आता खाली रेक्झिन, कडा कुंपणाबाहेर. वर कौदी, ती धुतली की जुनी सतरंजी. सुटलेला टाका दिसला की मी लगेच कापते. कोपऱ्यात गवताचा ट्रे, बहुतेक विधी तिथेच. एकदा फरशीवरच्या मुताच्या पांढऱ्या डागाला व्हिनेगर लावलं, तर डागाबरोबर चकाकीही गेली. शहाबादी म्हणजे चुनखडक, हे तेव्हा सुचलं नाही.

टाचेवर लव पुन्हा आली आहे. डावीकडे अजून थोडी विरळ.