सहा एम.एम. की पाव इंच?

आम्ही बी.कॉम. झालेलो. वीस-बावीस वर्षे खर्डेघाशीत गेली आणि उरलेला वेळ वस्तीतल्या कामांत. लाकूडकामाशी आमचा संबंध खुर्चीवर बसण्यापुरताच. तेव्हा आम्ही आज ट्रिमरच्या बिटाविषयी लिहितो आहोत हे पाहून वाचक बंधू-भगिनी हसतील. हसू द्या. पण ज्यांच्या घरातले पोरगे फर्निचरच्या कामावर हेल्पर म्हणून जाते आणि उद्या स्वतःचे मशीन घेऊन मिस्त्री व्हायचे म्हणते, त्यांनी हे पुढे वाचावे.

आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा असाच. चार वर्षे दुसऱ्याच्या हाताखाली राबला, पैसे साठवून हातात धरायचा छोटा राउटर घेतला. मिस्त्री लोक त्याला ट्रिमर म्हणतात. प्लायवर सनमायका चिकटवला की तो कडेने थोडा बाहेर राहतो. पूर्वी तो कानशीने घासून काढीत. आता ट्रिमर फिरवला की कड साफ होते. त्याच्या बिटाला एक छोटे बेअरिंग असते. बेअरिंग प्लायच्या कडेला टेकून चालते आणि पाते तेवढाच बाहेरचा सनमायका कापते. बेअरिंग आणि पाते एकाच व्यासाचे, म्हणून कापलेली कड प्लायशी एकसारखी होते. युक्ती एवढीच.

एका संध्याकाळी बहीण आली ती डोळे पुसतच. "दादा, पोराच्या मजुरीतून कपाटाच्या दाराचे पैसे कापले. तुम्ही शिकलेले आहात, काय चुकलं ते बघा तरी." भाचा मागे मान खाली घालून उभा. त्याच्या मांडीवर, पँट फाटलेली त्या जागी, पट्टी. आम्ही आधी पट्टीकडे पाहिले, मग दाराचा हिशेब विचारला.

झाले होते असे. जुने बिट बोथट झाले म्हणून त्याने नाक्यावरच्या दुकानातून सुटे बिट आणले. दुकानदाराने दिले, याने घेतले. मशीनमध्ये बसवताना ते किंचित सैल वाटले. पोराने डोके चालवले आणि बिस्किटाच्या पुड्याची चांदी दांड्याला गुंडाळून नट आवळला. अर्धे दार नीट कापले गेले. मग बिट हळूहळू खाली सरकत आले, पात्याने प्लायमध्ये खड्डा केला, मशीन हातात उसळले आणि मांडीला चाटून गेले. पँट जाड होती म्हणून खरचटण्यावर भागले.

"मामा, आवळलं होतं हो मी. पूर्ण ताकदीनं आवळलं होतं."

आम्ही त्याचे मशीन आणि ते बिट दोन्ही मागवून घेतले. मशीनच्या ज्या भागात बिट बसते त्याला कॉलेट म्हणतात. त्याच्यावर बारीक अक्षरात पाव इंच कोरले होते. बिटाच्या दांड्यावर होते सहा मिलिमीटर. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. फरक ०.३५ मिलिमीटरचा. आम्ही आयुष्यभर हिशेबात एक रुपयाचा फरक शोधण्यासाठी रात्री जागलो, पण इतक्या लहान फरकाने मांडी फाटू शकते हे आम्हाला ठाऊक नव्हते. कॉलेट कितीही आवळले तरी ते ठरलेल्या मापाचाच दांडा चारी बाजूंनी धरते. त्याहून बारीक दांडा ते नीट पकडत नाही, आणि चांदी गुंडाळून तर मुळीच नाही. असे मशीन मिनिटाला ३०,००० च्या आसपास फेरे घेते.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघे मस्जिद स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीटला गेलो. मुंबईत हत्यारे आणि बेअरिंग घ्यायची तर ती गल्ली. आम्ही भाच्याला गाडीतच सांगितले होते, "कॉलेट काढून खिशात घे. तोंडाने माप सांगायचे नाही." दुकानदाराने कॉलेट हातात घेतले आणि न विचारता पाव इंची दांड्याची बिटे काढून ठेवली. मशीनचे मॉडेल विचारून त्याने हेही सांगितले की त्याच मशीनला सहा मिलिमीटरचे कॉलेट वेगळे मिळते. म्हणजे नाक्यावरचे बिटसुद्धा वाया जायला नको होते!

तिथे आम्ही तासभर उभे होतो. दुकानदार म्हातारा आणि बोलका होता, आणि गिऱ्हाईक कमी होते. पहिला प्रश्न त्याने विचारला तो हा, की बेअरिंग चालणार कशावर? सनमायका वर आणि प्लायची कड खाली, तर बेअरिंग बिटाच्या टोकाला हवे. पण फरमा लावून सारख्या आकाराच्या फळ्या काढायच्या असतील, आणि फरमा फळीच्या वर बसवायचा असेल, तर बेअरिंग पात्याच्या वर, दांड्याच्या बाजूला हवे. आमच्या भाच्याला दोन्ही कामे होती. वस्तीतल्या अभ्यासिकेसाठी गोल कोपऱ्याच्या सहा टेबलांच्या फळ्या त्याने मजुरी न घेता करून द्यायचे कबूल केले होते.

मग लांबीचा प्रश्न. भाचा सर्वांत लांब पात्याचे बिट उचलत होता. जास्त पाते म्हणजे जास्त माल, असे आपल्याला वाटतेच. सनमायका असतो एक मिलिमीटरच्या आसपास जाडीचा. त्याला अर्धा इंच पाते पुरून उरते. लांब पाते बारीक दांड्यावर थरथरते, कड लाटेसारखी येते. शिवाय कडेलाही आधी सनमायका लावलेला असेल तर उघडे राहिलेले जादा पाते त्या तयार कडेला घासून ओरखडे पाडते. फरम्यावरून १८ मिलिमीटरचा प्लाय कापायचा तर मात्र २५ मिलिमीटरचे पाते लागतेच. तिथे आधी जिगसॉने आकार कापून जेमतेम दोन मिलिमीटर शिल्लक ठेवायचे आणि बिटाने तेवढेच काढायचे. बिट म्हणजे करवत नव्हे, हे त्या दुकानदाराचे शब्द.

बारा बिटांची लाकडी पेटीही त्याने दाखवली. दिसायला देखणी, आणि एका चांगल्या बिटापेक्षा फार महाग नाही. भाच्याचे डोळे तिच्यावर खिळले. आमचेही खिळले, खोटे कशाला बोला. पण त्यातली नऊ-दहा बिटे त्याला कधी लागणार नव्हती. आम्ही मुलाच्या कंपासपेटीतली स्टीलची पट्टी बरोबर नेली होती. पट्टी बेअरिंगला टेकवून बिट हाताने हळू फिरवायचे. पात्याची धार पट्टीला नुसती स्पर्शून गेली पाहिजे. पेटीतल्या बिटाची धार पट्टीला ढकलत होती, म्हणजे पाते बेअरिंगपेक्षा मोठे. असे बिट सनमायकाबरोबर प्लायची कडही खाते. सुट्या बिटाची धार हलकेच लागून गेली. त्याचे बेअरिंगही बोटाने फिरवल्यावर खरखरले नाही. पाते टंगस्टन कार्बाइडचे घेतले, कारण सनमायका आणि प्लायमधला गोंद साध्या स्टीलची धार लवकर मारतो.

दोन बिटे घेतली, एक टोकाला बेअरिंगचे आणि एक वर बेअरिंगचे. दुसऱ्याचे पैसे आम्ही भरले.

घरी आल्यावर त्याने आम्हालाच शिकवणी दिली. प्लग काढल्याशिवाय बिटाला हात लावायचा नाही. दांडा कॉलेटमध्ये तळापर्यंत घालून मग दोन-तीन मिलिमीटर वर ओढायचा आणि आवळायचा. फळी टेबलावर असेल तर बाहेरच्या कडेने मशीन घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने न्यायचे, आणि मधल्या भोकाच्या आतून काट्यांच्या दिशेने. उलटे नेले की पाते लाकडावर चढते आणि मशीन पुढे पळते. हे त्याला आधीपासून ठाऊक होते. माप तेवढे कोणी सांगितले नव्हते. चार वर्षे ज्याच्या हाताखाली राबला त्याने बिट बदलण्याचे काम कधी पोरांच्या हाती दिले नाही. हत्यार दुसऱ्याचे असले की असे होते, वापरायला मिळते पण समजत नाही.

आमच्या सौ.नी एक भर घातली. बेअरिंगवर फेविकॉल साचून ते फिरेनासे झाले होते, तर भाचा अख्खे बिट रॉकेलमध्ये बुडवायला निघाला. त्या म्हणाल्या, "अरे, शिवणयंत्राला तेल लागतं तसं त्यालाही आत काहीतरी असेल ना?" बरोबर होते. रॉकेलने आतले ग्रीस धुऊन जाते. टोकाचा स्क्रू ॲलन कीने काढून बेअरिंग वेगळे ठेवायचे, पाते तेवढे धुवायचे. बेअरिंग नुसते पुसायचे, आणि खरखरू लागले तर सुटे नवे मिळते. अडकलेले बेअरिंग कडेवर फिरत नाही, घासते, आणि तयार सनमायका काळा पडतो.

अभ्यासिकेची सहावी फळी गेल्या रविवारी झाली. आम्ही डोळे मिटून कडेवरून बोट फिरवले. सनमायका कुठे संपतो आणि प्लाय कुठे सुरू होतो ते कळले नाही. एका जागी मात्र बारीक खोलगट भाग लागला. तिथे प्लायच्या कडेलाच पोकळी होती आणि बेअरिंग तिच्यात उतरले होते. "पुट्टी भरून घासायला हवं होतं आधी," भाचा म्हणाला. मग खिशातून घडी केलेल्या नोटा काढून त्याने आमच्यापुढे धरल्या. दुसऱ्या बिटाचे पैसे. आम्ही नको म्हणालो.

"मग वहीत उधार लिहा, मामा. पण लिहा."

आम्ही लिहिले.