रिकाम्या डब्यांचं इंदूर

बाहेरगावच्या पाहुण्यांना आमचं इंदूर दोन गोष्टींमुळे ठाऊक असतं. एक पोहे-जिलेबी, दुसरी स्वच्छता. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून २०२३ पर्यंत सलग सात वेळा पहिला क्रमांक, त्यातला शेवटचा सुरतेबरोबर विभागून. रोज सकाळी गाणं वाजवत कचरागाडी येते आणि ओला, सुका, प्लॅस्टिक, सॅनिटरी, घातक आणि ई-कचरा असा सहा प्रकारांत कचरा घेऊन जाते. पुण्या-मुंबईचे नातेवाईक हे सगळं गॅलरीतून कौतुकाने बघतात. मला मात्र त्यांना आणखी एक इंदूर दाखवावंसं वाटतं, ही गाडी सुरू व्हायच्या आधीचं. तिथे घरात आलेला डबा, बाटली किंवा पिशवी सहसा बाहेर जातच नसे.

पायी फिरलं तर ते इंदूर अजूनही भेटतं. राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारात शिरा. जुनं भांडं तराजूत घालून, त्याची मोड वजा करून नवं भांडं घेणारी गिऱ्हाइकं आजही दिसतील. तिथून सियागंजात या. हा शहराचा घाऊक किराणा बाजार. पोती, गुळाच्या भेल्या, हातगाड्या आणि तेलाचे १५ किलोचे पत्र्याचे डबे. तेल संपलं की त्या डब्याचा दुसरा जन्म सुरू होतो. कुणी त्याला झाकण बसवून घेतं आणि त्यात गहू भरतं, कुणी तो आडवा कापून तुळस लावतं, कुणी त्याचं सुपडं करतं. आमच्या वाड्यात तर नळावरच्या रांगेत बादल्यांपेक्षा असे डबेच जास्त असत.

आम्ही रामबागेत दोन खोल्यांत राहायचो. इंदूरच्या कापडगिरण्या एकामागून एक बंद पडल्या, त्या काळात बाबांची गिरणीही बंद झाली. मी तेव्हा बालवाडीत होतो. बाबांनी एका दुकानात हिशेब लिहायचं काम धरलं आणि आईने चिवडा, लाडू, शंकरपाळी करून विकायला सुरुवात केली. आज आपण ज्याला पॅकेजिंग म्हणतो, ते तिच्याकडे होतंच कुठे? मग ती वाड्यातल्या बायकांकडून रिकाम्या वस्तू मागून आणायची. डालड्याचे पिवळे डबे, हॉर्लिक्सच्या काचेच्या बाटल्या, जॅमच्या बरण्या. राखेने घासून, उकळत्या पाण्याने विसळून त्या दिवसभर गच्चीवर उलट्या घातलेल्या असत. बाटलीत मेतकूट, बरणीत लोणचं, डब्यात चिवडा. पुढच्या खेपेला जे गिऱ्हाईक डबा परत आणेल, त्याला मूठभर शेव जास्त मिळे.

मी इंजिनिअरिंगला असताना एकदा तिला विचारलं, "आई, एवढी धुण्याघासण्याची मेहनत कशाला? नवीन डबे का नाही घेतलेस?" ती म्हणाली, "डब्याचे पैसे गेले असते, तर चिवड्यात उरलं काय असतं?" बी.ई.च्या चार वर्षांत इतका सोपा ताळेबंद मला कुणी शिकवला नव्हता.

तीन वर्षांपूर्वी आम्ही शहराच्या पूर्वेला फ्लॅट घेतला. वाड्यातून सामान काढताना माळ्यावर ६४ डबे-बरण्या निघाल्या. फ्लॅटच्या स्वयंपाकघराला माळाच नाही. पत्नीचं म्हणणं होतं, की इतकं सगळं ठेवलं तर माणसं कुठे राहणार? आईचं म्हणणं होतं, की वस्तू चांगली आहे, टाकायची कशी? दोघींचंही बरोबर होतं. दोन दिवस घरात फक्त कामापुरतं बोलणं चाललं होतं. शेवटी पत्नीनेच तोड काढली. प्रत्येक डब्याला एक काम. ज्याला काम नाही, तो जाणार. पण कचरागाडीत नाही, कामाच्या जागी. आईने स्वतः बसून २२ निवडले. बाकीच्यातले बरेच, लोणची-पापड करून विकणाऱ्या आमच्या एका जुन्या शेजारणीकडे गेले. ते रिक्षात चढवताना आईचा चेहरा पाहिला, तेव्हा कळलं, की तिला डबे साठवायचे नव्हतेच. ते कामी यावेत, एवढंच तिला हवं होतं.

नव्या घराला पाहुणे आले, की आम्ही त्यांना नेमावर रस्त्यावर देवगुराडियाला नेतो. तिथे महादेवाचं जुनं देऊळ आहे. माझ्या लहानपणी त्या वाटेवर नाक धरावं लागे, कारण जवळच शहराच्या कचऱ्याचा डोंगर होता. २०१८ मध्ये तो जुना ढीग यंत्रांनी चाळून, वेगवेगळा करून हलवला आणि सुमारे १०० एकर जागा मोकळी झाली. फेब्रुवारी २०२२ पासून तिथे बायो-सीएनजी प्रकल्प आहे. त्याची क्षमता रोज ५५० टन ओला कचरा घेण्याची. त्या गॅसवर शहरातल्या बस धावतात. आपल्या घरची दुधीची सालं बस चालवतात, हे ऐकून आमच्या सहा वर्षांच्या लेकीने दोन दिवस सालं मोजली.

सालीचं असं सोनं होतं. पण शेवेच्या चकचकीत पाकिटाचं? त्यात प्लॅस्टिक आणि धातूचा मुलामा असे थर एकमेकांना चिकटलेले असतात. ते सुटे करणं अवघड, म्हणून भंगारवालाही त्याला हात लावत नाही. गाडी कितीही छान गाणं वाजवत आली, तरी हे पाकीट तिच्यात टाकून आपण फक्त नजरेआड करतो. त्याचा खरा उपाय घराच्या आत नाही, दुकानाच्या दारात आहे. आणि त्या बाबतीत आपण इंदूरकर नशीबवान. इथे शेव, मिक्स्चर, जीरावन अजून सुटं मिळतं. मी शनिवारी घरचे डबे घेऊन जातो. दुकानदार रिकामा डबा काट्यावर ठेवतो, काटा शून्यावर आणतो आणि मग भरतो. पहिल्यांदा तो हसला होता. आता मी दिसलो, की स्वतःच हात पुढे करतो.

जे पाकीट टाळता येत नाही, त्यासाठी आमच्या घरचे नियम ठरलेत. काचेची बरणी सगळ्यात मानाची. मसाले, लोणचं, तूप तिच्यातच. मात्र झाकणाला गंज दिसला, तर तिची रवानगी बटणं नि खिळ्यांकडे. गरम पदार्थ थंड बरणीत ओतायचा नाही, तडकते. प्लॅस्टिकचा डबा उलटा करून त्रिकोणातला आकडा बघायचा. ५ असेल तर तो पॉलिप्रॉपिलीनचा. बाहेरून जेवण मागवलं की येतो तो बहुतेक हाच. त्यात फ्रिजमधली चटणी, चिरलेली भाजी, कोथिंबीर. १ असेल तर पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक. उष्णतेने ते वाकतं, म्हणून त्यात फक्त कोरडं आणि थंड. ओरखडे पडले, वास धरला, की दोन्ही प्लॅस्टिकच्या कप्प्यात.

दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडायचा नाही, लटकता ठेवायचा. तो चिमुकला तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही. पिशवी धुऊन, कडा कापून उघडली, की थालीपीठ थापायला उत्तम. कणकेची जाड पिशवी सुक्या कचऱ्याला. आणि वर्तमानपत्रावर खायचं काही ठेवायचं नाही, शाईमुळे. २०१८ च्या अन्नसुरक्षा नियमांतही त्याला मनाई आहे. भजी निथळायला आम्ही जुन्या धोतराचे तुकडे ठेवलेत.

सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे मी याचाही तक्ता केला. गेल्या वर्षी न घेतलेल्या बरण्यांचा संच १,८००, कचऱ्याच्या पिशव्या महिन्याला ९० प्रमाणे १,०८०, फ्रिजचे डबे ६००. एकूण ३,४८० रुपये. घराच्या हप्त्यापुढे ही रक्कम काहीच नाही, हे मलाही कळतं. पण एका घरात कधीकाळी एवढ्याच पैशांवर पोरांच्या फिया आणि किराणा निघाला होता. ज्या हातांनी ते जमवलं, ते हात अजून माझ्या ओट्याशी काम करतात. त्यांच्यासमोर धडकी बरणी फेकायची माझी हिंमत नाही.

शिवाय एक हिशेब तक्त्यात बसत नाही. शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. आमच्या मजल्यावर एक सिंधी कुटुंब आहे, समोर एक माळवी. मधाची एक जुनी बरणी गेल्या दिवाळीत चिवडा घेऊन समोर गेली, ती दाल-बाफल्याबरोबरची लसणाची चटणी घेऊन परतली. पुढे साखरआंबा घेऊन सिंध्यांकडे गेली आणि पापडाचा चुरा घेऊन आली. आता तिच्यावर लेकीने खडूने तिन्ही घरांचे नंबर लिहिलेत. सध्या ती कुणाकडे आहे, हे आईला विचारावं लागेल.